एचआयव्ही आणि फौजदारी कायदा

एचआयव्हीचा संसर्ग जाणूनबुजून पसरवण्याबद्दल आपल्याकडे स्वतंत्र फौजदारी गुन्हा नाही. तक्रार झालीच तर साथरोगांसाठीची जुनी कलमे लावली जातात. पूर्वीच्या दंडविधानातील २६९ आणि २७० ही कलमे १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत २७१ आणि २७२ झाली. निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत, दुष्ट हेतूने केलेल्या कृत्याला दोन वर्षांपर्यंत कैद. पण संसर्ग नेमका कोणाकडून कोणाला झाला, हे कोर्टात सिद्ध करणे महाकठीण.

धाकाने काय होते, हे गोव्याने पाहिले आहे. रक्तदानानंतर एचआयव्ही आढळलेल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला १९८९मध्ये पोलिसांनी उचलले आणि जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवले. गुन्हा? काहीच नाही. राज्याच्या आरोग्य कायद्यातच तशी सक्ती होती!

२०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा (अंमल १० सप्टेंबर २०१८पासून) त्याहून शहाणा आहे. संसर्ग टाळण्याची वाजवी खबरदारी घेणे, हे बाधित व्यक्तीचे कर्तव्य तो सांगतो. जोडीदाराला कळवण्याची मुभा डॉक्टरांना अटींवर आहे; मात्र त्यामुळे बाईला मारहाण होण्याची किंवा घराबाहेर काढले जाण्याची भीती असेल, तर कळवायचे नाही. बाधितांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला मात्र थेट तुरुंगवास.

नियमित औषधांनी रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. चाचणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. मदतीसाठी १०९७ हा क्रमांक फिरवा.