अपील करावे की न करावे?

क्रिकेटच्या खेळात एक मोठी गमतीची गोष्ट आहे. गडी बाद झाल्याचे पंचाला स्वतःच्या डोळ्यांनी स्वच्छ दिसले, तरी कुणी विचारल्याशिवाय तो बोट वर करीत नाही. गोलंदाजाने किंवा त्याच्या एखाद्या सोबत्याने ओरडून विचारायचे, मग पंचाने निकाल द्यायचा. फिर्याद नाही तर खटला नाही, असा हा कायदा. शिवाय केलेली फिर्याद मागे घेण्याची मुभा कप्तानाला असते. म्हणजे निकाल पंचाचा खरा, पण तो मागायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या मनावर. आजवर या खेळात जी मोठमोठी भांडणे झाली, त्यांतली कितीतरी याच एका जागी झाली आहेत.

इंग्रज लोक क्रिकेटला सभ्य माणसांचा खेळ म्हणतात. त्यांचाच सर्वांत नामांकित खेळाडू म्हणजे दाढीवाले डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस. १८८२ च्या ऑगस्टमध्ये लंडनला ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियाशी सामना होता. सॅमी जोन्स नावाच्या ऑस्ट्रेलियन पोराने धाव पुरी केली आणि खेळपट्टीवरची उखडलेली माती थापटायला तो रेषेबाहेर गेला. चेंडू ग्रेसच्या हातात होता. त्याने सरळ यष्टी उडवली आणि अपील केले. पंचाने जोन्सला बाद दिले. ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज स्पॉफर्थ असा काही पेटला, की ८५ धावा करायला निघालेला इंग्लंडचा संघ ७७ धावांत गारद झाला. स्पॉफर्थने त्या डावात सात गडी टिपले. ‘ॲशेस’ म्हणजे राखेची म्हणून जी मालिका हे दोन देश आजही खेळतात, तिचा उगम याच पराभवात आहे.

तब्बल १४१ वर्षांनी, २०२३ च्या जुलैत, फासे उलटे पडले. लॉर्ड्सवर इंग्लंडच्या जॉनी बेअरस्टोने चेंडू सोडून दिला आणि आता षटक संपले असे समजून तो रेषेबाहेर चालू लागला. ऑस्ट्रेलियाचा यष्टिरक्षक ॲलेक्स कॅरीने तत्काळ चेंडू यष्टीवर फेकला. गडी बाद. मग काय विचारता! प्रेक्षक ओरडले, क्लबच्या जुन्या सभासदांनी खेळाडूंना वाटेत गाठून सुनावले, दोन्ही देशांचे पंतप्रधानही त्यावर बोलले. ग्रेसची आठवण मात्र त्या गदारोळात फारशी कुणाला झाली नाही.

ग्रेसने केले त्याला कुणी ‘ग्रेसिंग’ म्हणत नाही. आपल्या विनू मंकडचे नाव मात्र जगभर एक दूषण म्हणून वापरले गेले. ती हकीकत मुळापासून सांगण्यासारखी आहे.

स्वातंत्र्य मिळाले त्याच वर्षी, १९४७ च्या अखेरीस, लाला अमरनाथच्या नेतृत्वाखाली आपला संघ ऑस्ट्रेलियाला गेला. समोर ब्रॅडमनचा बलाढ्य संघ. जामनगरचा विनू मंकड डावखुरा फिरकी गोलंदाज, शिवाय फलंदाजीतही तरबेज. दौऱ्यात सिडनीला एक साधा सामना झाला, तेव्हा त्याच्या लक्षात आले की बिल ब्राऊन हा फलंदाज समोरच्या टोकाला उभा असताना चेंडू हातातून सुटण्याआधीच दोन पावले पुढे सरकतो. धाव चोरायला तेवढेच अंतर कमी! मंकडने त्याला एकदा बजावले. ब्राऊन पुन्हा सरकला, तेव्हा चेंडू न टाकता यष्टी उडवून त्याला धावचीत केले. पुढे डिसेंबरात त्याच सिडनीवर दुसरी कसोटी होती. ब्राऊन १८ धावांवर होता आणि पुन्हा रेषेबाहेर होता. या खेपेला मंकडने बजावले वगैरे नाही, सरळ धावचीत.

वाचकहो, बांध कोरणारा शेजारी आपल्यापैकी बहुतेकांच्या नशिबी आलेला असतो. दर साली नांगरताना तो एक तास आपल्याकडे सरकवतो. पहिल्या वर्षी आपण गोडीने सांगतो, ‘बाबा रे, बांध सांभाळ.’ दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच झाले, की मोजणीचा अर्ज करतो. मग गावात बोभाटा होतो तो कुणाचा? कोरणाऱ्याचा, की मोजणी मागवणाऱ्याचा? सिडनीला मोजणी मागवणाऱ्याचा झाला. तिथल्या वर्तमानपत्रांनी मंकडवर तोंडसुख घेतले आणि अशा रीतीने बाद करण्याला ‘मंकडिंग’ हे नाव चिकटले.

ब्रॅडमन मात्र मंकडच्या बाजूने उभा राहिला. संघ त्याचा, बाद झालेला गडी त्याचा, तरी आपल्या पुस्तकात त्याने स्पष्ट लिहिले, की नियमाने समोरच्या गड्याला रेषेत थांबायला सांगितले आहे. तो आधीच निघून फायदा घेत असेल, तर गोलंदाजाला नावे का ठेवायची? खुद्द ब्राऊननेही मंकडबद्दल मनात अढी धरली नाही. पण एकदा पडलेले नाव सहजासहजी पुसले जात नाही. याच मंकडने १९५२ साली लॉर्ड्सवर एका कसोटीत ७२ आणि १८४ धावा काढल्या, वर एका डावात पाच गडी बाद केले. १९५६ च्या जानेवारीत मद्रासला पंकज रॉयबरोबर ४१३ धावांची सलामी दिली आणि तो विक्रम ५२ वर्षे टिकला. आणि नाव कशासाठी वापरले जाते? सुनील गावसकरने तर म्हटले आहे, की नाव द्यायचेच तर चुकणाऱ्या ब्राऊनचे द्या. आम्हाला ते पटते.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. १९८७ च्या विश्वचषकात लाहोरला वेस्ट इंडीज आणि पाकिस्तान भिडले. शेवटच्या षटकात पाकिस्तानला चौदा धावा हव्या होत्या आणि एकच गडी उरला होता. अब्दुल कादिरने एक षटकार ठोकला. शेवटचा चेंडू, दोन धावा बाकी. कोर्टनी वॉल्श धावत आला, तो समोरचा सलीम जाफर कधीच रेषा सोडून पुढे निघालेला. वॉल्शने यष्टी उडवली असती तर सामना तिथेच खिशात होता. तो थांबला, जाफरकडे पाहिले आणि चेंडू टाकायला मागे वळला. कादिरने दोन धावा काढल्या. वेस्ट इंडीज हरले आणि त्या स्पर्धेत त्यांना उपांत्य फेरीही गाठता आली नाही. वॉल्शने जे सोडले ते त्याच्या हक्काचे होते. म्हणून तर त्याला औदार्य म्हणायचे. पण एकाने हक्क सोडला, म्हणून दुसऱ्यानेही सोडलाच पाहिजे असा आग्रह कसा धरता येईल?

गुंडाप्पा विश्वनाथची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि ती आपल्या मुंबईत वानखेडे स्टेडियमवर घडली. १९८० च्या फेब्रुवारीत भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची कसोटी इंग्लंडशी झाली. सामन्याचा दुसराच दिवस विश्रांतीचा ठेवला होता, कारण १६ तारखेला सूर्यग्रहण होते! भारताच्या २४२ धावांपुढे इंग्लंडची ५ बाद ५८ अशी दाणादाण उडाली. बोथम आणि यष्टिरक्षक बॉब टेलर खेळायला होते. एवढ्यात कपिल देवचा चेंडू टेलरच्या बॅटीजवळून गेला, मागे यष्टिरक्षकाने झेलला, अपील झाले आणि पंच हनुमंतराव यांनी बोट वर केले. टेलर घुटमळला, त्याच्या मते चेंडू बॅटीला लागलाच नव्हता. कप्तान विश्वनाथ स्लिपमध्ये उभा होता आणि त्यालाही तसेच वाटत होते. तो पंचांकडे गेला, अपील मागे घेतले आणि टेलरला परत बोलावले.

पुढे काय झाले ते ऐका. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली. बोथमने ११४ धावा काढल्या आणि सामन्यात तेरा गडी बाद केले. टेलरने यष्टीमागे दहा झेल घेतले. भारत दहा गडी राखून हरला. विश्वनाथच्या वाट्याला कप्तानपद आले ते उभ्या जन्मात दोन कसोटींचे, त्यांतली ही एक. ‘कशाला बोलावलेस रे बाबा?’ असे म्हणणारे त्या वेळी थोडे नव्हते. पण नीट पाहिले तर ब्राऊन आणि टेलर यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. ब्राऊन रेषेबाहेर होता, तो नियमाने बादच होता. टेलर, विश्वनाथने पाहिले त्याप्रमाणे, बाद नव्हताच. जे आपले नाही ते पदरात पडले, म्हणून ठेवून घ्यायला विश्वनाथचे मन धजले नाही.

या विश्वनाथला गावसकरची बहीण दिलेली. म्हणजे दोघे मेहुणे-मेहुणे. वानखेडेवरच्या त्या सामन्यात गावसकरही खेळत होता. पुढे वर्ष भरले नाही तोच, १९८१ च्या फेब्रुवारीत, मेलबर्नला त्याच्यावरच प्रसंग आला. मालिकाभर त्याच्या बॅटीतून धावा निघत नव्हत्या. इथे सूर सापडला, चेतन चौहानबरोबर १६५ धावांची सलामी झाली, आणि तो ७० वर असताना लिलीच्या चेंडूवर पंच व्हाइटहेड यांनी त्याला पायचीत दिले. चेंडू आधी बॅटीला लागला, असे गावसकरचे म्हणणे. त्याने बॅट पॅडवर आपटून दाखवली. लिली पुढे येऊन बोटाने पॅड दाखवू लागला, काही बोलाचाली झाली आणि गावसकरचा तोल गेला. त्याने चौहानला बरोबर घेतले आणि दोघे मैदानाबाहेर चालू लागले.

चौहान म्हणजे पुण्यात शिकलेला, महाराष्ट्राकडून खेळलेला गुणी खेळाडू. कप्तानाचा हुकूम, म्हणून बिचारा निघाला. दोघे बाहेर पडते, तर सामना ऑस्ट्रेलियाला बहाल झाला असता. मैदानाच्या फाटकाशी संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर दुर्राणी उभे होते. त्यांनी गावसकरला आत येऊ दिले आणि चौहानला तिथूनच परत खेळायला पाठवले. त्या सामन्यात शेवटी काय झाले? १४३ धावा करायला निघालेल्या ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ वर आटोपला. मांडीच्या दुखण्याने बेजार असलेल्या कपिलने २८ धावांत पाच गडी घेतले. भारताने ५९ धावांनी सामना जिंकून मालिका बरोबरीत सोडवली. चौहान मात्र त्या डावात ८५ वर बाद झाला. कसोटीत शतक त्याला शेवटपर्यंत लाभले नाही. आपण तसे वागायला नको होते, असे गावसकरने पुढे जाहीरपणे सांगितले. आमच्या मते त्या सामन्याच्या श्रेयात दुर्राणींचाही मोठा वाटा धरायला हवा.

२०११ साली नॉटिंगहॅमला महेंद्रसिंग धोनीने इयान बेलला परत बोलावले. चहाची वेळ झाली असे समजून बेल क्रीझ सोडून चालू लागला होता, आणि त्याला धावचीत दिले होते. चहापानात विचार करून धोनीने अपील मागे घेतले. बेल १३७ वरून १५९ पर्यंत गेला, भारत ३१९ धावांनी हरला. धोनीला पुढे खिलाडूवृत्तीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता, पण बेल झोपेत चालल्यासारखा निघाला होता, धाव चोरायला नव्हे, हे विसरू नये.

आणि आता आपल्या मुलींची गोष्ट. २४ सप्टेंबर २०२२, लॉर्ड्स. झूलन गोस्वामीचा हा शेवटचा सामना. भारताच्या १६९ धावा झाल्या होत्या, त्यांत आग्र्याच्या दीप्ती शर्माच्या नाबाद ६८ आणि सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाच्या ५०. इंग्लंडची शेवटची जोडी खेळत होती. चार्ली डीनने एकटीने ४७ धावा काढून सामना ओढत आणला होता, विजयाला सतराच धावा हव्या होत्या. दीप्ती चेंडू टाकायला आली, डीन रेषेबाहेर गेलेली दिसली, आणि दीप्तीने यष्टी उडवली. भारत १६ धावांनी जिंकला. डीनच्या डोळ्यांत पाणी आले. मग पुन्हा तोच जुना तमाशा. दीप्ती म्हणाली, आम्ही आधी बजावले होते; इंग्लंडची हीदर नाइट म्हणाली, मुळीच नाही. पण नियमात बजावण्याची अट कुठेच नाही. कप्तान हरमनप्रीत कौरने तर सांगून टाकले, की आमच्या मुलींनी नियमाबाहेरचे काहीही केलेले नाही.

नियम करणाऱ्या एम.सी.सी. या संस्थेने त्याच वर्षी मार्चमध्ये ठरवले होते, की असे बाद करणे आता ‘अनुचित खेळ’ या कलमात ठेवायचे नाही, साध्या धावचीतच्या कलमात घालायचे. त्याचा अंमल १ ऑक्टोबर २०२२ पासून झाला, म्हणजे लॉर्ड्सच्या त्या सामन्यानंतर आठच दिवसांनी. सिडनीच्या त्या दिवसाला तेव्हा पाऊणशे वर्षे होत आली होती. विनू मंकड १९७८ मध्येच गेला होता.

डीनने मात्र डोळे पुसले. यापुढे मी आपली रेषेतच थांबेन, असे तिने गमतीने लिहिले. दुसऱ्याच दिवशी तिचा इंग्लंडात दुसरा एक सामना होता. त्यात चेंडू टाकता टाकता ती मध्येच थांबली आणि समोरच्या गड्याला धावचीत करण्याची नुसती हूल दिली.