स्वित्झर्लंड : मोजक्या द्रव्यातील प्रवास

व्यापाराच्या निमित्ताने युरोपास जाणाऱ्या आमच्या काही बंधूंच्या मनात सहकुटुंब स्वित्झर्लंड पाहण्याची इच्छा असते. परंतु तेथील खर्चाचा आकडा कानी पडताच बेत रहित होतो. आम्ही तो देश बेताच्या पैशात आणि आपले नियम सांभाळून पाहिला. त्या अनुभवाचा उपयोग इतरांसही व्हावा, म्हणून हे चार शब्द.

तो देश महाग का, हे प्रथम ध्यानी घ्यावे. तेथे मजुरीचे दर फार उंच आहेत. त्यामुळे ज्या गोष्टीस माणसाचा हात अधिक लागतो, ती महाग. उपाहारगृहातील साधे जेवण, टॅक्सी, केशकर्तन ही त्याची उदाहरणे. उलट दुकानातील तांदूळ, दूध, पाव, फळे त्या मानाने परवडतात. यावरून सूत्र असे निघते, की जे काम स्वतः करता येईल, ते तेथे विकत घेऊ नये.

म्हणून उतरण्यासाठी स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी. शिधा मोठ्या भांडारातून आणावा. यांपैकी ‘मिग्रो’ या संस्थेचा इतिहास व्यापाऱ्याने जाणण्याजोगा आहे. १९२५ साली गॉटलीब डुटवायलर या गृहस्थांनी झुरिचमध्ये ५ मोटारगाड्यांतून कॉफी, तांदूळ, साखर, शेवया, खोबरेल चरबी व साबण हे ६ जिन्नस दारोदार विकण्यास आरंभ केला. मधले दलाल वगळल्याने भाव उतरले. १९४१ साली त्यांनी आपला धंदा सहकारी संस्थेच्या स्वाधीन केला. मिग्रोच्या भांडारांत मद्य व तंबाखू विकत नाहीत. २०२२ साली सभासदांनी मतदान करून मद्यविक्रीची ही बंदी कायम राखली. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, मोठ्या रेल्वे स्थानकांतील तेवढी उघडी. तेव्हा शनिवारीच बेगमी करावी. पाण्यासाठी खर्च नको. नळाचे पाणी उत्तम असते, आणि एकट्या झुरिच शहरात १२०० हून अधिक सार्वजनिक कारंजी आहेत. सोबत गाळणे व रिकामी बाटली असली की झाले.

प्रवासाच्या बाबतीत पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. खिडकीवर पूर्ण दराची तिकिटे घेऊन आम्ही गाडीत बसलो, आणि शेजारचा प्रवासी त्याच मार्गाने निम्म्या भाड्यात चालला होता! त्याच्याजवळ ‘हाफ फेअर कार्ड’ होते. परदेशी पाहुण्यांसाठी ते महिनाभराचे मिळते. आगगाडी, बस, बोट व बहुतेक डोंगरी रेल्वे यांचे भाडे त्याने निम्मे होते. दिवसभराचा ‘सेव्हर डे पास’ ६ महिने आधीपासून विक्रीस असतो व जितका लवकर घ्यावा तितका स्वस्त पडतो. हंगामापूर्वी माल भरणाऱ्यास हे निराळे सांगणे नको. आईवडिलांजवळ पास वा कार्ड असल्यास ‘फॅमिली कार्ड’वर १६ वर्षांखालील मुले त्यांच्यासोबत विनामूल्य प्रवास करतात. बाझल व जिनिव्हा येथे हॉटेलात उतरणाऱ्यास शहरातील ट्राम-बसचा मोफत परवाना मिळतो. तो मागून घ्यावा.

आता आहाराविषयी. तूप, पेढे आदी दुधाचे पदार्थ भारतातून तेथे नेण्यास मनाई आहे. डाळ, मसाला, कोरडे खाकरे न्यावेत. एक लहान पातेले व उलथने स्वतःचे असावे, म्हणजे परक्या भांड्यांचा प्रश्न उरत नाही. ग्रुयेरसारख्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले रेनेट असते. म्हणून वेष्टन वाचल्याविना चीज घेऊ नये. रात्रिभोजनाचा त्याग असणाऱ्यांनी ऋतूही पाहावा. जूनमध्ये सूर्यास्त रात्री सव्वानऊ-साडेनऊच्या सुमारास होतो, त्यामुळे दिवसभर हिंडूनही जेवण वेळेत होते. डिसेंबरात मात्र पाचच्या आतच दिवस मावळतो.

एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. तेथे आमच्या पेट्या आम्हीच वाहिल्या, कारण दुसऱ्याचे श्रम आम्हांस परवडत नव्हते. परत आल्यावर आपल्या स्थानकावर हमालाने मजुरी सांगितली, तेव्हा सवयीने घासाघीस करण्यास तोंड उघडले. पण शब्द ओठांवरच राहिला. महिनाभर आम्ही जी बचत केली, ती कोणाची मजुरी कापून नव्हे, तर आपली गरज आवरून. परिग्रहपरिमाण व्रताचा अर्थ आम्ही व्याख्यानांतून पुष्कळदा ऐकला होता. तो त्या क्षणी समजला. हमालास त्याने सांगितले तेवढे देऊन आम्ही घरी आलो.