‘अनडिफाइन्ड व्हेरिएबल’ : सिम्युलेशनमधील चलांच्या चुका कशा शोधाव्यात?

अजमान : संयुक्त अरब अमिरातींतील क्षेत्रफळाने सर्वांत लहान असलेल्या या अमिरातीत मुक्त व्यापार क्षेत्र आहे, जहाजदुरुस्तीच्या गोद्या आहेत आणि पोलादकामाचे कारखानेही आहेत. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीजवळ पोहोचणाऱ्या या किनाऱ्यावर टाकी, नळवाहिनी किंवा वातानुकूलन यंत्रणा उभारण्यापूर्वी तिची परीक्षा संगणकावर घेण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. या कामात असलेल्या मराठी अभियंत्यांना एक संदेश चांगलाच परिचित असेल : ‘अनडिफाइन्ड व्हेरिएबल’, म्हणजे सूत्रात आलेल्या चलाची व्याख्या सापडली नाही.

हा संदेश त्रासदायक वाटला तरी तो उपकारक आहे, कारण गणित तेथेच थांबते. खरी भीती असते ती न थांबणाऱ्या गणिताची.

संगणक थांबतो तेव्हा

कॉमसॉलमध्ये हा संदेश येण्याची कारणे बहुधा चारच असतात. पहिले, अक्षरांचे. तेथे लहान-मोठ्या इंग्रजी लिपीत भेद मानला जातो; त्यामुळे मोठा ‘टी’ म्हणजे तापमान, तर लहान ‘टी’ म्हणजे काळ. दुसरे, व्याप्तीचे. एखाद्या पदार्थाचा गुणधर्म केवळ पोलादाच्या भागासाठी लिहिला आणि सूत्र मात्र आतील पाण्यालाही लावले, तर पाण्याच्या भागात ते चल अस्तित्वातच नसते. म्हणून संदेशात चलाच्या नावाबरोबर भागाचा क्रमांक दिलेला असेल, तर तो आधी वाचावा. तिसरे, क्रमाचे. गणित सुटल्यानंतर नवे चल लिहिले, तर ‘अपडेट सोल्यूशन’ दिल्याशिवाय ते निकालात उपलब्ध होत नाही. चौथे, चक्राचे. ‘अ’ ची व्याख्या ‘ब’ वर आणि ‘ब’ ची ‘अ’ वर टेकवली, की संगणक ‘सर्क्युलर’ अवलंबन दाखवून थांबतो.

ओपनमॉडेलिकामध्ये हाच दोष वेगळ्या रूपात दिसतो. तेथे जितकी अज्ञात चले तितकी समीकरणे लागतात. समीकरणे कमी पडली, तर स्थिर राशी ‘पॅरामीटर’ म्हणून जाहीर करायची राहून गेली आहे का, हे प्रथम पाहावे.

संगणक थांबत नाही तेव्हा

अँसिसच्या एपीडीएल या आज्ञाभाषेत व्याख्या नसलेल्या पॅरामीटरला शून्याच्या अगदी जवळची किंमत दिली जाते आणि गणित पुढे चालू राहते. नावातील एक अक्षर चुकले, तर भारच नाहीसा होतो आणि रचना सुरक्षित असल्याचे चित्र उमटते! मॅटलॅबमध्ये ‘आय’ आणि ‘जे’ ही काल्पनिक संख्येची अंगभूत नावे आहेत. फेऱ्यांचा ‘आय’ आधी ठरवायचा राहिला, तर उणे एकाचे वर्गमूळ निमूटपणे सूत्रात शिरते.

सर्वांत फसवे एककांचे प्रकरण. दोन्ही टोकांना घट्ट धरलेली एक पोलादी नळी घेऊ. यंगचा गुणांक २०० गिगापास्कल, प्रसरणांक अंशामागे एक कोटीत १२० भाग आणि उन्हामुळे तापमानातील वाढ ४० अंश. या तिन्हींचा गुणाकार केला असता ताण ९६ मेगापास्कल येतो. आता हीच वाढ ‘४० अंश सेल्सियस’ अशी लिहिली आणि प्रणालीने तिचे निरपेक्ष तापमान केले, तर ४० चे ३१३.१५ केल्विन होतात आणि ताण सुमारे ७५२ मेगापास्कलांवर जातो. नेहमीच्या बांधकाम पोलादाची नमनमर्यादा २५० मेगापास्कलांच्या आसपास असते. चल आहे, नाव बरोबर आहे, आकडाही बरोबर आहे. चुकला आहे तो केवळ अर्थ. तापमान आणि तापमानातील फरक या दोन भिन्न राशी आहेत, हे संगणकाला आपणच सांगावे लागते. फरक नेहमी केल्विनमध्ये लिहावा.

अशा चुकीची किंमत किती असू शकते, याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. मंगळाकडे निघालेले नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. एका संगणक प्रणालीने आवेग पौंड-सेकंदांत दिला होता, तर दुसरीने तो न्यूटन-सेकंद समजून वापरला. फरक सुमारे साडेचार पटींचा होता.

शोधाचा क्रम

संदेश पूर्ण वाचावा. पहिलाच दोष सुधारावा, कारण पुढचे अनेकदा त्याचीच पिल्ले असतात. सर्व राशी एकाच तक्त्यात एककांसह लिहाव्यात. एकाक्षरी नावे टाळून अर्थवाही नावे द्यावीत. संशयित चलाच्या जागी ज्ञात आकडा ठेवून पाहावे. गणित सुटले, तर दोष व्याख्येतच आहे. आणि अहवालावर सही करण्यापूर्वी वरच्यासारखा एक हिशेब कागदावर करावा. उत्तर त्याच्या दुप्पट-तिप्पट दूर गेले, तर रंगीत चित्रावर विश्वास ठेवू नये.

सरावासाठी महागडे परवानेच हवेत असे नाही. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प ओपनमॉडेलिका, सायलॅब आणि ओपनफोम यांसारख्या मुक्त प्रणालींचा प्रसार करतो. तेथीलच ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाचे अनेक पाठ मराठीतही ऐकता येतात.

संगणक आज्ञाधारक आहे, पण तो जाणकार नाही. ‘चाळीस’ म्हणजे कशाचे चाळीस, हे ठरवण्याची जबाबदारी अखेर सही करणाऱ्या अभियंत्याचीच असते.