बूट आवळला म्हणून कातळ धरत नाही

"रोजच्या मापापेक्षा दोन नंबर लहान घे. दुखत नसेल तर तो क्लाइंबिंगचा बूट नव्हेच." प्रस्तरारोहण शिकायला लागलेल्या जवळपास प्रत्येकाला हा सल्ला कुणीतरी दिलेला असतो. मलाही मिळाला आणि मी तो मानला. तैलबैल्याच्या भिंतीवर दुसरा टप्पा (पिच) संपेपर्यंत डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. टप्प्याच्या शेवटी प्रत्येक थांब्यावर बूट काढायचा, पाय चोळायचा, पुन्हा कोंबायचा. त्याहून वाईट म्हणजे चांगल्या बोटभर रुंद पायरीवरही पायावर भार टाकवेना. सगळं वजन हातांवर आलं आणि हात लवकर संपले.

गैरसमज: घट्ट म्हणजे दुखणारा

बूट घट्ट हवा, हे खरं. पण कशासाठी? क्लाइंबिंगच्या बुटाला रँड नावाची रबराची पट्टी चवड्यापासून टाचेपर्यंत ताणून बसवलेली असते. ती टाचेकडून पाऊल पुढे ढकलते, बोटं किंचित मुडपतात आणि शरीराचा भार अंगठ्याच्या टोकाशी एकवटतो. हे घडायला पाऊल बुटात पूर्ण भरलेलं असावं लागतं. बोटांच्या वर, तळव्याच्या कमानीखाली किंवा टाचेत जिथे पोकळी राहील, तिथे भार पडताच बूट वळतो आणि पाय निसटतो. म्हणून घेताना वेदना शोधू नका, पोकळी शोधा. पायरीच्या कडेवर फक्त अंगठ्याने उभं राहून पाहा. टाच मागे खेचून पाहा; ती सुटत असेल किंवा आत हवा दबल्याचा आवाज येत असेल, तर तो बूट तुमचा नाही. सगळीकडून सारखा दाब चालतो. एकाच जागी टोचणं किंवा बोटं बधिर होणं चालत नाही. वर्षानुवर्षं बोटं चिरडत राहिलं तर नखं खराब होतात आणि अंगठा इतर बोटांकडे वळू लागतो.

गैरसमज: नंबर कळला की माप कळलं

दोन कंपन्यांचे 40 नंबर एकसारखे नसतात. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक पडतो. बूट ज्या कलबुतावर, म्हणजे पावलाच्या साच्यावर, ओढून बेततात, त्याच्या आकारावर पाय बसेल की नाही ते ठरतं. कुणाचा चवडा रुंद, कुणाचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब, कुणाची टाच निमुळती. लांब दुसरं बोट असलेल्याने अंगठ्याकडे टोकदार झालेला बूट घेतला, तर तो नंबर कितीही बदलला तरी सुखी होणार नाही. आपल्यातल्या अनेकांचे बूट ऑनलाइन येतात किंवा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून. घालून पाहायची सोयच नसते. अशा वेळी क्लाइंबिंग वॉलवर कुणाकडे ते मॉडेल असेल तर विनासंकोच मागा आणि दोन चढाया करून पाहा. संध्याकाळी पाहिलं तर उत्तम, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं.

"वापरून सैल होईल" ही समजूत अर्धीच खरी आहे. अस्तर नसलेलं चामडं अर्धा ते एक नंबर सैलावतं, तेही मुख्यतः रुंदीत. अस्तराचं चामडं कमी सैलावतं, सिंथेटिक जवळजवळ नाहीच. लांबी तर रबराने जखडलेली असते. दोन नंबर लहान घेतलेला सिंथेटिक बूट दोन वर्षांनीही लहानच राहील.

गैरसमज: केळीसारखा वळलेला बूट सर्वांत भारी

3 जून 2017 रोजी ॲलेक्स हॉनोल्ड योसेमिटीतल्या एल कॅपिटानची सुमारे 900 मीटर उंचीची भिंत दोराशिवाय चढला, तेव्हा त्याच्या पायात टी.सी. प्रो होते: सपाट, कडक, घोटा झाकणारे बूट. टॉमी कॉल्डवेलच्या नावाची आद्याक्षरं मिरवणारं हे मॉडेल तासन् तास बारीक कंगोऱ्यांवर उभं राहण्यासाठीच घडवलेलं आहे.

वळलेला बूट पुढे झुकलेल्या कातळासाठी असतो. तिथे पायाने स्वतःला भिंतीकडे खेचावं लागतं. बदामीच्या तसल्या मार्गांवर तो खरंच उपयोगी पडतो. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट बहुतेक ठिकाणी उभा आणि आडव्या कंगोऱ्यांचा. सुळका चढताना पाच-सहा तास बूट पायात असतो. तिथे कडक तळव्याचा, बोटं जवळपास सरळ ठेवणारा बूटच जास्त कामाचा, असं माझं ठाम मत आहे. हंपीच्या गोलसर ग्रॅनाइटवर पुन्हा वेगळं गणित: तिथे चवडा पूर्ण टेकवून घर्षणावर उभं राहायचं असतं, म्हणून तळवा वाकणारा हवा.

गैरसमज: रबर जितकं मऊ, तितकी पकड जास्त

पकड रबराची असते, आवळण्याची नसते, हे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सगळ्यांना दिसलं. स्पेनच्या बोरेआलचा फायरे हा चिकट रबराचा बूट योसेमिटीत पोचला आणि चढाईची पद्धतच बदलली. मऊ रबर कातळाच्या बारीक खाचखळग्यांत शिरतं, म्हणून धरतं. पण कणभर कंगोऱ्यावर तेच रबर भाराखाली दुमडतं. मार्चच्या दुपारी तापलेल्या काळ्या कातळावर ते आणखी मऊ पडतं. म्हणून सकाळच्या गारव्यात धरलेली पायरी बारा वाजता सुटू शकते. बूट उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नयेत, तेही यामुळेच. आतले चिकटवलेले थरही उष्णतेने सुटू लागतात.

घट्ट बुटाची ही गोष्ट मात्र मोठ्यांच्या सवयीतून मुलांवर लादली जाते, आणि ती पाहवत नाही. वॉलवर दहा-बारा वर्षांची मुलं बूट काढतात तेव्हा बोटांवर लाल वळ उठलेले दिसतात. त्यांच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात, त्यांना घट्ट बूट नकोच. बोटं सरळ राहतील असा, वेल्क्रोचा, साधा बूट द्या आणि दर तीन-चार महिन्यांनी त्यांचं पाऊल पुन्हा मोजा.