नवी टीम, कोरी पाटी
नवा क्लब काढायला पैसा पुरतो. पण पहिली टीम जमवायला काय लागतं? ऑस्ट्रेलियातल्या दोन नव्या क्लबांची ही गोष्ट. आपल्या पुण्याला आणि माझ्या आटपाडीलाही तिच्यातून घेण्यासारखं बरंच आहे.

मंडळी, एक कल्पना करा. तुम्हाला कुणीतरी नवीकोरी कंपनी काढून दिलीय. ऑफिस आहे, लोगो आहे, झकास रंगाचे टी-शर्ट आहेत. नाहीयेत ती फक्त माणसं. आणि थोड्याच महिन्यांत, शंभर-दीडशे वर्षं मार्केटमध्ये असलेल्या कंपन्यांशी तुम्हाला दर वीकएंडला टक्कर द्यायचीय. तीही भरल्या स्टेडियममध्ये, लाइव्ह टीव्हीवर. सांगा, हायरिंग कसं कराल?

एखादा मोठ्ठा स्टार आणाल? की कॅम्पसवर जाऊन फ्रेशर्सची फौज उचलाल?

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये हा प्रश्न खरोखरच विचारला गेला. एकदा २०११ साली, लगेच पुन्हा २०१२ साली. दोन नवे क्लब, दोन वेगळे फंडे. आता २०२८ मध्ये टास्मानिया डेव्हिल्स हा एकोणिसावा क्लब मैदानात उतरायचं ठरलंय, म्हणजे पेपर पुन्हा तोच आहे. आमचा क्लायंट मेलबर्नचा. सोमवारच्या कॉलची पहिली दहा मिनिटं तिकडची मंडळी 'फूटी'वरच बोलतात. ऐकता ऐकता मलाही चटक लागली. स्कोअरपेक्षा जास्त मजा मला या टीम जमवण्याच्या भानगडीत यायला लागली.

फूटी, एका दमात
मैदान अंडाकृती, चेंडूही अंडाकृती. एका बाजूला १८ खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार उभे खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेनं चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. ऑफसाइड वगैरे काही नाही. चेंडू हातात घेऊन पळा, लाथेनं मारा नाहीतर मुठीनं ठोसा मारून सोबत्याला द्या. फेकायचा मात्र नाही. मेलबर्न आणि जीलाँग हे क्लब १८५०च्या दशकातले, म्हणजे आपल्याकडे रेल्वे नुकतीच सुरू झाली होती तेव्हाचे.

आणि आता मेन पॉइंट. अठरा वर्षांच्या पोराला तिथं आपला क्लब निवडता येत नाही. दरवर्षी 'ड्राफ्ट' होतो. गेल्या मोसमात जो तळाला, त्याला पहिली निवड. पर्थचं पोरगं सिडनीच्या क्लबनं उचललं, की त्यानं बॅग भरायची आणि चार हजार किलोमीटरवर जायचं. पगारावरही मर्यादा असते, त्यामुळे श्रीमंत क्लबानं सगळेच हिरे खिशात घातले, असं होत नाही.

फंडा नंबर एक : स्टार आणा
गोल्ड कोस्ट सन्स हा क्लब २०११ साली लीगमध्ये आला. नव्या क्लबला लीगनं सवलत दिली होती. बाकीच्या १६ क्लबांमधले करार संपलेले खेळाडू उचला, पण एका क्लबमधून एकच. शिवाय ड्राफ्टमध्ये भरपूर वरच्या निवडी.

सन्सनी सगळ्यात मोठा मासा गळाला लावला. जीलाँगचा गॅरी अ‍ॅब्लेट ज्युनियर. त्या वेळी देशातला सर्वोत्तम खेळाडू कोण, असं विचारलं तर बहुतेक जण त्याचंच नाव घेत. त्याला थेट कॅप्टन केलं. सोबत रग्बी लीगमधून कार्मायकल हंट आणला. फूटीत नवखा, पण त्याच्या नावावर बातमी हमखास.

निकाल? पहिल्या वर्षी फक्त तीन विजय आणि तळाचा नंबर. अ‍ॅब्लेटनं आपलं काम चोख केलं. २०१३ मध्ये लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक त्यानं सन्सचा खेळाडू म्हणूनच मिळवलं. पण एकट्यानं ओढून गाडा कुठवर जाणार? २०१८ च्या मोसमात तो जीलाँगला परत गेला, आणि सन्स होते तिथंच राहिले.

फंडा नंबर दोन : फ्रेशर्सची फौज
ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्स २०१२ मध्ये उतरले. त्यांनीही रग्बी लीगचा इझ्रायल फोलाऊ भारी पैसे मोजून आणला, आणि तो एका मोसमात परत गेला. पण त्यांचा खरा डाव वेगळा होता. २०११ च्या ड्राफ्टमधल्या पहिल्या १५ निवडींपैकी तब्बल ११ त्यांच्याकडे होत्या. म्हणजे देशातल्या टॉपर पोरांची अख्खी बॅचच उचलली म्हणा ना!

कोवळी पोरं एकटी पडू नयेत म्हणून ल्यूक पॉवर, जेम्स मॅकडोनल्ड, चॅड कॉर्न्स, डीन ब्रोगन असे करिअर संपत आलेले चार अनुभवी गडी सोबत घेतले. मॅच जिंकून देणं हे त्यांचं मुख्य काम नव्हतंच. सकाळी सरावाला वेळेवर कसं यायचं, हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये कसं वागायचं, हे दाखवायला ते होते. कोच केव्हिन शीडी, वय साठीच्या पुढं. बरीचशी पोरं ब्रेकफास्ट पॉइंट नावाच्या वसाहतीत शेजारी शेजारी राहायची. नाव ऐकून मला आपल्या कॉट बेसिसवरच्या फ्लॅटची आठवण झाली. तिथंही मोठं होण्याचं अर्धं ट्रेनिंग नाश्त्याच्या वेळीच होतं.

पहिली मॅच शहरातल्याच जुन्या सिडनी स्वान्सशी. ६३ गुणांनी पराभव. पहिल्या मोसमात दोन विजय, दुसऱ्यात एक! पहिला विजय कुणावर? दुसऱ्या नवख्या क्लबवर, गोल्ड कोस्टवर. विरोधक तगडे, पूर्ण वाढलेले गडी, आणि ही अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. दर आठवड्याला मार खायची आणि पुढच्या आठवड्याला परत उभी राहायची.

पण नीट बघा. २०१६ मध्ये हीच पोरं फायनलपासून सहा गुणांवर थांबली, आणि २०१९ मध्ये फायनल खेळली. तिथं रिचमंडनं त्यांना ८९ गुणांनी धुतलं, ते सोडा. शून्यातून आठव्या मोसमात फायनल, म्हणजे खायचं काम नाही.

घरची ओढ
जायंट्सना सगळ्यात जास्त कुणी छळलं असेल तर घरच्या ओढीनं. अ‍ॅडम ट्रेलोर, डिलन शील ही पोरं सिडनीत तयार झाली आणि मेलबर्नच्या जुन्या क्लबांकडे गेली. पहिल्या दिवसापासूनचा गोल-मशीन जेरेमी कॅमेरन २०२० मध्ये जीलाँगला गेला. तिकडे या आजाराला नावच आहे, 'गो होम फॅक्टर'.

आटपाडीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमचा माणदेश दुष्काळी. टेंभूचं पाणी येईपर्यंत ज्याला त्याला बाहेरचीच वाट धरावी लागली. खानापूर-आटपाडीकडची गलाई मंडळी सोनं-चांदी गाळायला देशाच्या कानाकोपऱ्यात पोचली. कोण केरळात, कोण बंगालात. पिढ्या गेल्या तरी कार्तिकातल्या उत्तरेश्वराच्या यात्रेला त्यांचे पाय गावाकडे वळतातच. माणूस परमुलखात टिकतो, पण कशावर? शेजारी गावाकडचं कुणी असेल तर, आणि आपण इथं कुणाला तरी हवे आहोत असं वाटलं तर. गलाईवाला पोराला एकटं पाठवत नाही, आधी गेलेल्या चुलत्याकडे पाठवतो. जायंट्सचे ते चार अनुभवी गडी म्हणजे आमच्या भाषेत हा आधी गेलेला चुलताच.

आपली पलटण
आता घरी येऊ. आपल्याकडे असाच कोऱ्या पाटीचा प्रयोग २०१४ मध्ये झाला, प्रो कबड्डी लीगच्या पहिल्या मोसमात. इथं एक-दोन नव्हे, आठही टीम नव्या. ड्राफ्टऐवजी लिलाव. सर्वांत महाग विकला गेला राकेश कुमार, पाटणा पायरेट्सनं १२ लाख ८० हजारांना घेतला. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके दबंग दिल्लीकडून उतरला आणि २०१५ मध्ये लीगचा सर्वोत्तम चढाईपटू ठरला. त्या वर्षी आमच्याकडे टीव्ही लावला की रिमोट कबड्डीवरच अडकायचा.

आणि आपली पुणेरी पलटण? पहिले दोन्ही मोसम तळाला! पेठेतली मंडळी काय काय बोलली ते छापण्यासारखं नाही.

पुढं गोष्ट बदलली ती पोरांमुळे. लीगमध्ये 'न्यू यंग प्लेअर' अशी सोय आहे. नव्या, कोवळ्या पोरांना लिलावाशिवाय थेट टीममध्ये घेता येतं. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोघं २०२१च्या मोसमात असेच आले. पुढच्या मोसमात पलटण फायनलला गेली आणि जयपूरकडून हरली. त्याच्या पुढच्या मोसमात अस्लम कॅप्टन, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पलटण पहिल्यांदा चॅम्पियन!

पलटणीनं मोठा खर्च केला नाही असं नाही. इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाख मोजलेच होते. पण त्याच लिलावात तेलुगू टायटन्सनी पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं आणि टायटन्स शेवटून पहिले आले. पवन काय कच्चा खेळाडू आहे? मुळीच नाही. फरक इतकाच, की पलटणीत शादलू आला तेव्हा घर आधीच उभं होतं. टायटन्सनी कळस आधी आणला.

बिल कोण भरतं?
इथपर्यंत सगळं छान वाटतं. तरुणांवर भरवसा ठेवा, धीर धरा, फळ मिळेल. मॅनेजमेंटच्या पुस्तकात शोभेल असं वाक्य. पण या धीराचं बिल कोण भरतं, हा प्रश्न मला आटपाडीत भेटला.

माझा भाचा डावा कोपरा खेळतो. वय अठरा, डिप्लोमाचं दुसरं वर्ष. एका नव्या टीमच्या निवड चाचणीला जावं की नको, यावर घरात गेले महिनाभर खल चाललाय. मी त्याला जायंट्सची गोष्ट रंगवून सांगितली. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मामा, त्यातली जी पोरं टीव्हीवर दिसली न्हाईत, त्यांचं काय झालं वो?"

मी गप्प. कारण २०११ च्या त्या ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरावर निवडलेला जोनाथन पॅटन. त्याच्या गुडघ्यावर तीनदा मोठी ऑपरेशनं झाली आणि २०२१ मध्ये, तिशीच्या आत, त्याचं खेळणं थांबलं. पहिल्या नंबरचं हे, मग चाळिसाव्याचं काय?

ताई कांदा चिरता चिरता म्हणाली, "तुझं ऑस्ट्रेलिया राहू दे बाजूला. गुडघा गेला तर ह्यो ना भरतीच्या कामाचा, ना रानातल्या. मग काय करायचं, ते सांग."

बोलायला ती बरोबर होती. आमच्याकडे कबड्डी म्हणजे बरीच वर्षं नोकरीची वाट. पोलिस, रेल्वे, बँक, तेल कंपन्या. खेळाडूंना सरकारी भरतीत पाच टक्के आरक्षण. पैसा कमी, पण गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची राहते. लीग पैसा देते, नाव देते, खुर्ची देत नाही. क्लबला पाच वर्षं धीर धरणं परवडतं, कारण पाच वर्षांनी त्याच्याकडे नवी पोरं असतात. पोराची अठरा ते तेवीस ही वर्षं मात्र एकदाच येतात.

म्हणून भाच्याला मी जा म्हटलं नाही, नको जाऊ असंही नाही. आम्ही दोघांनी बसून प्रश्न काढले. नव्या स्टार्टअपमध्ये उडी मारणाऱ्या तुमच्यासारख्यांनाही चालतील :

१. करार किती वर्षांचा? एका वर्षाचा असेल तर तुम्ही नुसते आकडा भरायला आहात. तीन वर्षांचा असेल तर त्यांनी तुमचा विचार केलाय.
२. दुखापत झाली तर उपचार कुणाच्या खर्चानं आणि त्या काळात पैसे मिळणार का? तोंडी नको, कागदावर.
३. तुमच्या जागेवर शिकवायला अनुभवी माणूस कोण आहे? नाव सांगता येत नसेल, तर तो नाहीच.
४. शिक्षण चालू ठेवता येईल का? परीक्षेला सोडत नसतील तर उद्या लग्नालाही सोडणार नाहीत!
५. हरत असताना टीमचे मालक कसे वागतात? जिंकताना सगळेच गोड असतात.

भाच्यानं पाचही प्रश्न मोबाइलमध्ये टाइप करून घेतले. चाचणी पुढच्या महिन्यात आहे. डिप्लोमाचा फॉर्म मात्र त्यानं भरून टाकलाय, लेट फी लागायच्या आत.

आणि सन्सचं काय झालं, ते राहिलंच. २०१० च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी पहिल्या नंबरावर डेव्हिड स्वॉलो नावाचा पोरगा घेतला होता. स्टार आला, गेला, कोच बदलले. हा पठ्ठ्या तिथंच राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये, पंधराव्या मोसमात, सन्स पहिल्यांदा बाद फेरीत पोचले. समोर फ्रीमँटल. मॅच बरोबरीत, घड्याळ संपत आलेलं. स्वॉलोनं लाथ मारली, चेंडू बाजूच्या खांबांमधून गेला. एकच गुण. सन्स एका गुणानं जिंकले. त्या मोसमानंतर निवृत्त होणार असं त्यानं आधीच जाहीर केलेलं होतं.

हे मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "पंधरा वर्षं ठेवून घेतला व्हय त्याला? मग मामा, सहावा प्रश्न लिवा. आमाला किती वर्षं ठेवून घेणार?"