प्रवाहाला लगाम घालणाऱ्या खुणा

सलाईनच्या नळीवर प्लास्टिकचे एक छोटे चाक असते. ते एका बाजूला सरकवले की नळी चिमटली जाते आणि थेंब मंदावतात. दुसऱ्या बाजूला सरकवले की थेंब भराभर पडू लागतात. परिचारिका घड्याळावर नजर ठेवून मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजते आणि चाक त्या जागी सोडून पुढच्या खाटेकडे जाते.

हीच व्यवस्था अभियंत्याला कागदावर दाखवायची झाली, तर तो बाटली काढणार नाही आणि चाकही काढणार नाही. तो एक सरळ रेघ ओढेल. तिच्या दोन बाजूंना, रेघेकडे पोट करून उभे असलेले दोन कंस काढेल आणि या सगळ्यावरून एक तिरका बाण मारेल. रेघ म्हणजे प्रवाहाची वाट. कंस म्हणजे वाटेतली अरुंद जागा. तिरका बाण म्हणजे ही अरुंदी हाताने कमी-जास्त करता येते. बाण नसेल, तर अडथळा कारखान्यात ठरला तोच कायमचा.

ही खूण जेसीबीच्या तेलाच्या आराखड्यात असते, दुधाच्या पिशव्या भरणाऱ्या यंत्राच्या हवेच्या आराखड्यात असते आणि रुग्णालयातल्या यंत्रांच्या आतल्या नळ्या दाखवणाऱ्या चित्रातही सापडते. तेलाच्या किंवा हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणांसाठी या खुणा जगभर सारख्या असाव्यात म्हणून ‘आयएसओ १२१९’ हे मानक १९७६ मध्ये आले आणि पुढे त्यात सुधारणा होत गेल्या. त्यामागची कल्पना एकच आहे: खूण वस्तूचे रूप दाखवत नाही, तिचे काम दाखवते. झडप पितळेची आहे की प्लास्टिकची, नखाएवढी आहे की नारळाएवढी, हे चित्र सांगत नाही. आयटीआयमध्ये पहिल्यांदा आराखडा हाती घेणारा विद्यार्थी नेमका इथेच अडतो. समोरच्या यंत्रातला ठोकळा तो कागदावर शोधत राहतो, आणि कागदावर असतात फक्त रेघा, चौकोन आणि बाण.

या रेघांमध्ये बारीक फरक असतात आणि ते शोभेसाठी नसतात. अरुंद जागा दाखवणारे ते दोन कंस कधी गोलाकार असतात, तर कधी त्यांच्या जागी दोन टोकदार कोन येतात, टोके रेघेकडे केलेले. छपाई पुसट असेल तर हा फरक नजरेतून सुटतोही. गोल कंस सांगतात की इथला प्रवाह द्रवाच्या दाटपणावर अवलंबून आहे. टोकदार कोन सांगतात की दाटपणाचा इथे फारसा परिणाम होणार नाही.

दाटपणाचे हे गणित अभियांत्रिकीला एका डॉक्टरने दिले. ज्याँ पोआझय हे फ्रेंच वैद्यक. केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसे वाहते, हा त्यांचा प्रश्न होता. रक्त लगेच गोठत असल्याने त्यांनी काचेच्या अतिबारीक नळ्यांतून पाणी आणि इतर द्रव वाहू दिले, मोजमापे घेतली आणि १८४०च्या सुमारास नियम मांडला. लांब, बारीक नळीतून संथपणे वाहणारा प्रवाह द्रव जितका दाट तितका कमी होतो. नळी जितकी लांब तितकाही कमी होतो. पण नळीची त्रिज्या दुप्पट केली, तर मात्र तो तब्बल सोळा पटींनी वाढतो. अपघातात खूप रक्त गेलेल्या रुग्णाच्या हाताला डॉक्टर जाड आणि आखूड सुई का लावतात, याचे उत्तर या नियमात आहे.

यंत्राच्या बाबतीत हाच नियम त्रास देतो. यंत्रांत सर्रास वापरले जाणारे तेल ४० अंश सेल्सिअसवरून ६० अंशांपर्यंत तापले, तर त्याचा दाटपणा जवळपास निम्मा होतो. लांबट, अरुंद वाट असलेल्या झडपेतून मग तेच तेल जास्त वेगाने धावते. सकाळी संथ चालणारे यंत्र दुपारी घाईला आले, तर कामगार झडप पुन्हा आवळतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र रेंगाळते. तेच छिद्र पातळ पत्र्याला पाडल्यासारखे, धारदार कडेचे असेल, तर तेलाला अरुंदीत घासत जाण्याइतके अंतरच मिळत नाही आणि तापमानाचा फरक जाणवेनासा होतो. आराखड्यात गोल कंस आहेत की कोन, एवढे पाहिले तरी सकाळ-दुपारच्या या भांडणाचा बराचसा उलगडा होतो.

खरी गफलत होते ती दिशेच्या खुणेत. विहिरीवरच्या पंपाला फूट व्हॉल्व्ह असतो हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पाणी वर चढू द्यायचे आणि पंप थांबला की परत विहिरीत जाऊ द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. अशा एकमार्गी झडपेची खूण म्हणजे इंग्रजी व्ही अक्षराच्या खोबणीत बसलेली गोटी. प्रवाह व्हीच्या टोकाकडून आला की गोटी ढकलली जाते आणि वाट मोकळी होते. उलट बाजूने आला की गोटी खोबणीत दाबून बसते आणि वाट बंद. आपल्या हृदयातल्या झडपाही हेच करतात, फक्त गोटीऐवजी तिथे पातळ पडदे असतात.

आता हीच गोटी आणि मघाचे बाणवाले कंस शेजारी-शेजारी, एकाच चौकटीत काढले की एक नवी झडप तयार होते. एका दिशेने ती प्रवाह बिनदिक्कत जाऊ देते, दुसऱ्या दिशेने मोजून-मापून. शस्त्रक्रियेचे टेबल तेलाच्या दाबाने वर-खाली होणारे असेल, तर त्यावर रुग्ण झोपलेला असताना ते खाली येताना धाडकन येऊन चालत नाही. रुग्णाचे आणि टेबलाचे वजन नळकांड्यातल्या तेलाला बाहेर ढकलत असते, म्हणून बाहेर पडणाऱ्या तेलालाच लगाम हवा. वर जाताना तेल आत येते, तेव्हा गोटी बाजूला होऊन त्याला मोकळी वाट देते. चित्रात व्हीची खोबण नळकांड्याच्या बाजूला उघडते की पंपाच्या, यावर सगळे अवलंबून आहे. दुरुस्तीनंतर झडप उलटी बसली तर टेबल वर कुंथत जाईल आणि खाली येताना त्याला अडवणारे काही उरणार नाही. दोन्ही टोकांचे आटे सारखेच असले, तर अशी झडप उलटी बसवताना हाताला काहीच खटकत नाही. खटकायला हवे ते चित्र पाहणाऱ्या डोळ्यांना.

अरुंद जागेची आणखी एक मर्यादा आहे. तिच्यातून किती प्रवाह जाणार, हे तिच्या दोन बाजूंच्या दाबातील फरकावरही ठरते. धारदार कडेच्या छिद्राबाबत हा फरक चौपट झाला की प्रवाह दुप्पट होतो. म्हणजे झडपेला कोणी हात लावला नाही, तरी पलीकडचे ओझे बदलले की वेग बदलला. ते टाळण्यासाठी काही झडपांच्या आत दाबातील फरक कायम राखणारा भाग बसवतात. अशा झडपेच्या चौकटीत, प्रवाहाच्या रेघेवरच एक छोटा बाण काढतात. तिरका बाण वेगळा, हा वेगळा. तिरका सांगतो ‘मला फिरवता येते’, रेघेवरचा सांगतो ‘दाब बदलला तरी मी प्रवाह सांभाळते’.

दाब आणि प्रवाह यांचे हे नाते रुग्णाच्या उशाशी भिंतीवर रोज दिसते. ऑक्सिजनच्या नळाला लावलेल्या उभ्या पारदर्शक नळीत एक गोळी तरंगते आणि मिनिटाला किती लिटर वायू जातो आहे ते दाखवते. खाली किंवा बाजूला एक मूठ असते. ती फिरवली की आतली सुईसारखी झडप वाट अरुंद करते. भाग दोनच: मापाची नळी आणि झडप. पण वायूच्या वाटेवर आधी झडप आणि मग नळी आहे, की आधी नळी आणि मग झडप, यावर त्या आकड्याचा भरवसा ठरतो.

आधी झडप असेल, तर नळीत जवळपास बाहेरच्या हवेइतकाच दाब असतो आणि मापाच्या खुणाही तसे धरूनच आखलेल्या असतात. रुग्णाकडे जाणारी नळी दुमडली किंवा पुढे बारीक तोंडाचे उपकरण जोडले, की उलट दाब मापाच्या नळीपर्यंत पोहोचतो. तिथला वायू दाट होतो आणि गोळी खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू लागते. तो आकडा पाहून कोणी मूठ आणखी उघडली, तर रुग्णाला हिशेबापेक्षा जास्त ऑक्सिजन जातो. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत हा जादा ऑक्सिजन डोळ्यांच्या पडद्याला इजा करू शकतो. उलट, झडप नळीच्या नंतर असेल, तर नळीत सतत भिंतीतल्या वाहिनीचा, म्हणजे साधारण चार बारचा दाब राहतो. पुढे काही अडले तरी नळीला त्याचा पत्ता लागत नाही आणि आकडा खरा राहतो. कोणता प्रकार आहे हे ओळखायची सोपी रीत श्वसनचिकित्सेच्या विद्यार्थ्यांना शिकवतात: मूठ पूर्ण बंद ठेवून उपकरण भिंतीत खोचायचे. गोळीने क्षणभर वर उसळी मारून ती खाली बसली, तर झडप नंतर आहे. हललीच नाही, तर आधी. आराखड्यात मात्र हे एका नजरेत कळते.

रसायनांचे कारखाने, तेलशुद्धीकरण प्रकल्प, वीजनिर्मिती केंद्रे यांच्या आराखड्यांची लिपी थोडी निराळी. तिथे झडप म्हणजे आडवा ठेवलेला डमरू: टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. मध्ये भरीव ठिपका असेल तर ती प्रवाह कमी-जास्त करायला वापरली जाणारी ग्लोब झडप. पोकळ वर्तुळ असेल तर बहुधा उघड-बंद करायला वापरली जाणारी बॉल झडप. डमरूवर छत्रीसारखी अर्धगोल टोपी असेल, तर ती झडप माणसाच्या हाताने नव्हे, हवेच्या दाबाने चालते. आणि मग एक प्रश्न उरतो, तो सलाईनच्या चाकाला कधी पडत नाही: हवा किंवा वीज गेली तर झडप कुठे जाऊन थांबेल? त्याचे उत्तर टोपीखालच्या दांड्यावरचा बाण देतो. वर तोंड केलेला बाण म्हणजे उघडी राहील, खाली तोंड केलेला म्हणजे बंद होईल. थंड पाण्याची झडप अशा वेळी सहसा उघडी राहावी असे पाहतात, इंधनाची बंद व्हावी असे. या बाणाला चित्रात जागा लागते ती तांदळाच्या दाण्याएवढी.

तरीही खूण सांगते ते झडपेने काय करायला हवे, ती प्रत्यक्षात काय करते आहे ते नव्हे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९च्या पहाटे चारच्या सुमारास दाब वाढला आणि जादा दाब सोडणारी झडप ठरल्याप्रमाणे उघडली. दाब उतरल्यावर ती बंद व्हायला हवी होती, पण अडकून उघडीच राहिली. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र विझला. तो झडपेच्या जागेशी जोडलेलाच नव्हता; झडपेला उघडी धरणारी वीज तोडली गेली, एवढेच तो सांगत होता. कर्मचाऱ्यांनी त्याचा अर्थ ‘झडप बंद’ असा घेतला. दोन तासांहून अधिक काळ थंड करणारे पाणी त्या वाटेने निसटत राहिले. त्याच वाटेवरची दुसरी झडप बंद केली तेव्हा ते थांबले. अणुभट्टीच्या गाभ्याचा सुमारे निम्मा भाग वितळला होता. त्यानंतर अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने अशा झडपा खरोखर उघड्या आहेत की बंद, हे थेट दाखवणारी सोय नियंत्रण कक्षात असणे बंधनकारक केले.