कोड नंबर ९३

देशात किती लोक कामाला आहेत हे मोजायला सरकारची श्रमशक्ती पाहणी होते. पाहणीवाला घरातल्या प्रत्येकापुढे एक कोड लिहितो. नुसतं घरकाम करणारीला ९२. घरकाम उरकून सरपण आणणारी, चारा आणणारी, घरच्यांचे कपडे शिवणारी असेल तर ९३. आणि हे दोन्ही कोड जातात कुठे? ‘श्रमशक्तीबाहेर’! दिवसभर राबणाऱ्या बाईची जागा विद्यार्थी आणि पेन्शनरांच्या शेजारी.

स्त्रीवादी अर्थशास्त्र गेली पन्नास वर्षं ठणकावून सांगतंय, की बायकांना अर्थव्यवस्थेत आणायचं वगैरे काही नाही. त्या पहिल्यापासून तिथेच आहेत, मोजणारे चुकताहेत. ती चूक आणि ती दुरुस्त करायला निघालेल्या बायका, यांच्या या काही गोष्टी.

हंडा आत, आमटी बाहेर

जीडीपी कसा मोजायचा याची नियमावली संयुक्त राष्ट्रांची आहे. घरच्यासाठी केलेल्या वस्तू तिच्यात उत्पादन म्हणून धरता येतात, घरच्यांसाठी केलेली सेवा मात्र धरत नाहीत. म्हणजे विहिरीवरून डोक्यावर आणलेला हंडा हे उत्पादन. त्याच पाण्यात डाळ शिजवली, त्यातलं पोराला पाजलं, सासूला आंघोळ घातली, की त्याची किंमत शून्य. लाकूडफाटा आणला तर उत्पादन, त्यावर भाकरी भाजली तर नाही. बरं, हंड्याला आणि सरपणाला नियमात जागा आहे, तरी आपल्या पाहणीत ते आणणारी बाई ९३ वरच राहते.

इंग्लंडचे अर्थतज्ज्ञ पिगू यांनी हा घोळ १९२० सालीच दाखवला होता. घरकामाला ठेवलेल्या पगारी बाईशी मालकाने लग्न केलं, तर देशाचं उत्पन्न घटतं! काम तेच, चूल तीच, पगार तेवढा बंद. पिगू हे दाखवून पुढे गेले. न्यूझीलंडच्या मॅरिलिन वॅरिंग मात्र तिथेच अडून बसल्या. १९७५ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी त्या खासदार झाल्या आणि पुढे संसदेच्या सार्वजनिक खर्च समितीच्या अध्यक्ष. देशाचे आकडे हाताखालून जायचे आणि त्यांत बायकांचं घरातलं काम कुठेच सापडायचं नाही. १९८८ मध्ये त्यांनी या नियमावलीचीच चिरफाड करणारं पुस्तक लिहिलं, ‘इफ विमेन काउंटेड’.

आपल्याकडे देवकी जैन यांनी सत्तरच्या दशकातच राजस्थान आणि पश्चिम बंगालच्या खेड्यांत जाऊन बायकांचा दिवस कसा जातो याचा हिशेब मांडला होता. आता सरकारही वेळेची पाहणी करतं. २०२४ च्या पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, असं काम करणाऱ्या पुरुषांची ८८. मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळणं यात नाही, त्याचा रकाना वेगळा.

शुक्रवारी सॉसेज संपले

२४ ऑक्टोबर १९७५. आइसलँडच्या बायकांनी त्या दिवशी ना नोकरी केली, ना स्वयंपाक, ना पोरं सांभाळली. ‘संप’ म्हटलं तर काहीजणी बिचकतील म्हणून नाव ठेवलं ‘रजेचा दिवस’. देशातल्या सुमारे ९० टक्के बायका सामील झाल्या. शाळा बंद पडल्या, मासळीचे कारखाने थंडावले, टेलिफोनची सेवा कोलमडली. बाप पोरांना घेऊन कचेरीत आले आणि मालकांनी त्यांना गुंतवायला खाऊ, कागद, पेन्सिली मागवल्या. रेडिओवर बातम्या चालू असताना मागून पोरांचा कलकलाट ऐकू येत होता. झटपट शिजणारे सॉसेज दुकानांतून दिसेनासे झाले, कारण स्वयंपाक पुरुषांवर आला होता. इकडे रेकयाविकच्या चौकात सुमारे २५ हजार बायका जमल्या होत्या, आणि तेव्हा सगळ्या देशाची लोकसंख्या होती जेमतेम सव्वादोन लाख.

पुढच्याच वर्षी समान हक्कांचा कायदा झाला. १९८० मध्ये विगडिस फिन्बोगाडोटिर राष्ट्राध्यक्ष झाल्या, लोकांच्या थेट मतांनी निवडून आलेल्या जगातल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. मोर्च्याचं फळ इतक्या लवकर हाती लागलेलं फार थोड्या ठिकाणी दिसतं. तरी २०२३ च्या २४ ऑक्टोबरला तिथल्या बायकांनी पुन्हा दिवसभर काम बंद ठेवलं. या वेळी खुद्द पंतप्रधानबाईही कामावर गेल्या नाहीत.

अंगठेबहाद्दर? मग व्याज काढून दाखवा

सातारा जिल्ह्यातलं म्हसवड. पाऊस नावालाच. रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर घालायला प्लास्टिक घ्यायचं होतं, म्हणून रोज थोडेथोडे पैसे साठवायचे होते. बँकेने खातंच उघडू दिलं नाही, इतकी किरकोळ रक्कम नको म्हणाले. तिला कर्ज नको होतं, अनुदान नको होतं. स्वतःच्या कमाईचे पैसे सुखरूप ठेवायला जागा हवी होती, एवढंच.

तिथेच काम करणाऱ्या चेतना गाला सिन्हा यांनी हे पाहून ठरवलं, बायकांची स्वतःचीच बँक काढू. अर्ज रिझर्व्ह बँकेकडे गेला आणि परत आला, कारण बऱ्याचजणींनी सहीऐवजी अंगठे उठवले होते. बायकांनी रडत बसण्याऐवजी रात्री पाटी-पेन्सिल घेतली. काही महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कुठलीही रक्कम सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमच्या माणसांनीही कॅल्क्युलेटर न घेता काढावं. आठवड्याच्या बाजारात उधारी-उसनवारी सांभाळणारीला तोंडी हिशेब काय अवघड? १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. मला या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत मोलाची वाटते. इथे बायकांनी दया मागितली नाही, परीक्षा मागितली.

मालक नाही? मग तुम्ही कामगार नाही

१९७२ मध्ये इला भट्ट अहमदाबादच्या हातगाडीवाल्या, विड्या वळणाऱ्या, डोक्यावर गठ्ठे वाहणाऱ्या बायकांची ‘सेवा’ ही युनियन नोंदवायला गेल्या. नोंदणी करणारे म्हणाले, तुमचा मालक कोण? कुणाविरुद्ध लढणार? मालक नसला तरी काम असतंच, हे पटवून देईपर्यंत त्यांनी पाठ सोडली नाही. दोनच वर्षांत चार हजार बायकांनी प्रत्येकी १० रुपये घालून आपली बँक काढली.

मुंबईत १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सातजणी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘लिज्जत पापड’चा कारभार आजही तसाच, पापड लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण, नफा-तोटा सगळ्यांचा.

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचं नाव त्या मानाने कमी घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार बायको गावाला ठेवून दहा बाय दहाच्या खोलीत दाटीने राहायचे. त्यांच्या पोटाची सोय या बायकांनी केली. वाण्याकडची उधारी, सावकाराचं व्याज आणि धुरात गेलेली उमर. गिरणीचा भोंगा ऐकून जो कामगार पाळीला जायचा, तो हिच्या हातचं खाऊन जायचा. गिरणीच्या हजेरीपटावर त्याचं नाव असे, हिचं कुठेच नव्हतं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं आणि या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेच्या दारात नेलं.

झटपट दोन

नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी करायची मुभा फ्रान्समध्ये बायकांना मिळाली १९६५ मध्ये. पश्चिम जर्मनीत नोकरीआधी संसार सांभाळण्याची कायदेशीर अट सुटायला १९७७ उजाडलं, आणि स्वित्झर्लंडमध्ये नवऱ्याचा शब्द शेवटचा मानणारा कायदा १९८८ पर्यंत टिकला.

अपघातात गृहिणी गेली तर भरपाई किती? आपल्या मोटार वाहन कायद्याच्या जुन्या परिशिष्टात तिचं उत्पन्न नवऱ्याच्या कमाईच्या एक तृतीयांश धरलेलं होतं. जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या पंगतीत बसवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट शब्दांत नापसंती नोंदवली.

सातबारा हिच्या नावावर

१९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेच्या अधिवेशनात लाखाच्या घरात शेतकरी बायका जमल्या. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. संघटनेचे नेते शरद जोशी यांनी गावांना सांगितलं, शंभर शेतकऱ्यांनी जमिनीचा काही वाटा बायकोच्या नावे करावा, मग मी तुमच्या गावी येतो. हे दान नाही, लक्ष्मीचं देणं फेडायचंय, असं ते सांगत. अनेक गावांनी ते केलं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, साऱ्या देशाने २००५ मध्ये. २००५ च्या त्या बदलासाठी झटणाऱ्यांत अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल आघाडीवर होत्या.

प्रगणक दारात येईल तेव्हा

२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं. हा मान एकटीने मिळवणाऱ्या त्या पहिल्याच. अमेरिकेची जुनी कागदपत्रं चाळताना त्यांना दिसलं, की शेतात आणि दुकानात नवऱ्याच्या बरोबरीने खपणाऱ्या बाईच्या नावापुढे व्यवसाय म्हणून नुसतं ‘पत्नी’ लिहून मोकळे झालेत.

आपल्याकडे १९९१ च्या जनगणनेत बायकांच्या संघटनांच्या रेट्यामुळे कामाच्या प्रश्नात मुद्दाम भर घातली गेली: शेतावरचं किंवा घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामसुद्धा काम समजावं. २००१ पासून घरच्यापुरतं दूध काढणंही त्यात आलं. नियम सुधारला, पण दारात उभं राहून उत्तर देतो तो बहुतेक वेळा घरातला पुरुष, आणि सवयीने म्हणतो, “काही करत नाही, घरीच असते.” पुढच्या वेळी प्रगणक आला की त्याला ओसरीवर बसवा, तिला बाहेर बोलवा आणि ती म्हैस पिळते, खुरपणी करते, दुकानाच्या गल्ल्यावर बसते, हे तिच्याच तोंडून लिहून घ्यायला लावा.